अंजिराचे झाड आणि माळ्याचे एक वर्ष

शास्त्रपाठ : लूक 13:6-9

प्रभूचा हा दाखला ऐकला की आपल्या ध्यानात राहते ती कुऱ्हाड. द्राक्षमळ्याचा धनी तीन वर्षे अंजिरावर फळ शोधीत येतो, काही मिळत नाही, आणि तो झाड तोडायला सांगतो. त्याचे म्हणणे अन्यायाचे नाही. चांगल्या मळ्यातील जागा त्या झाडाने अडवली आहे. पण माळी आणखी एक वर्ष मागतो. तो नुसती मुदत मागत नाही, स्वतःकडे काम मागून घेतो : भोवताली खणायचे आणि खत घालायचे.

हे काम कसे असते ते आपल्या मंदिराच्या आवारातील आंबा-चिकूच्या झाडांवरून शब्बाथशाळेतील मुलांनाही दाखविता येईल. पुष्कळजण खताची पाटी थेट बुंध्यापाशी रिती करतात. परंतु मोठ्या झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे तेथे फारशी नसतात. ती दूर, फांद्यांच्या घेराखाली, वरच्या मातीत पसरलेली असतात. म्हणून घेराच्या कडेने उथळ चर काढून त्यात खत घालावे. कुदळ खोल मारली तर तीच मुळे तुटतात. वाढलेल्या आंब्याला वर्षाला सुमारे 50 किलो शेणखत लागते, आणि ते पुरते कुजलेले हवे. कच्च्या शेणात हुमणी पोसली जाते. आमच्या बेळगावाकडे पाऊस मोठा, तेव्हा पहिल्या सरींनी माती भिजली की हे काम उरकावे, नाहीतर खत वाहून जाते. इंदूरकडच्या मंडळींना थोडे थांबावे लागेल.

पाऊस सरल्यावर आच्छादन. येथे आम्हांला जरा कडक बोलायचे आहे. आवार झाडून गोळा केलेला पाला आपण पेटवून देतो, आणि तीच झाडे मग उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत उभी असतात. झाडाने जमिनीतून घेतलेले पुष्कळसे त्या पाल्यात असते. जाळला की त्यातले नत्र धुरावाटे जाते. तोच पाला घेराखाली तीन-चार इंच जाड पसरला, तर ओल टिकते, तण दबते, गांडुळे येतात आणि त्याचे सावकाश खत होते. बुंध्याभोवती वीतभर जागा मात्र मोकळी सोडावी. तेथे पाला साचला की साल ओली राहून कुजते, वाळवीही लागते.

आता आपल्या कमिटीच्या बैठकीकडे वळू या. सभासदांची यादी पुढे येते. अमुक तरुण तीन वर्षे उपासनेला नाही, वर्गणी नाही, नाव काढा. हिशेब धन्याप्रमाणेच बरोबर असतो. पण त्या तीन वर्षांत त्याच्याभोवती कोणी खणले होते काय? घरी जाऊन, मंदिरात का येत नाहीस, एवढेच विचारले असेल, तर ती पाटी बुंध्यापाशीच रिती झाली. रविवारी त्याची कारखान्यात पाळी असते का, आईच्या दुखण्यात कर्ज झाले का, बहिणीची फी कोण भरतो, हे प्रश्न उपासनेपासून दूरचे वाटतात. त्याची मुळे तेथेच आहेत. आणि कुदळ जपून चालवायची, हेही विसरू नये. चारचौघांत विचारलेला प्रश्न खोल लागतो. एकदा जाऊन भागत नाही. खत घातल्यावर दुसऱ्या दिवशी मोहोर पाहायला कोणी जात नाही.

काही उपदेशक दाखल्याचा शेवट गाळतात, ते आम्हांला बरे वाटत नाही. फळ आले नाही तर तोडावे, हे माळी स्वतःच मान्य करतो. वर्षाला शेवट आहे. म्हणूनच, येत्या बैठकीत यादी वाचली जाईल तेव्हा काढावयाच्या प्रत्येक नावापुढे, या वर्षी त्याच्याकडे कोण जाणार, त्याचे नाव आधी लिहून घ्यावे.