नाकारलेली भाकर कुणाची?

भुकेल्या माणसानं समोर आलेली भाकर नाकारली की आपल्याला बरं वाटतं. आपण तर भाकर नाकारूनच माणूस झालो. म्हणून १९४७ साली सोव्हिएत रशियानं अमेरिकेची मदत लाथाडली, ही गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना आवडते. मलाही आवडायची. आता तिच्यात एक प्रश्न सलतो. नाकारली ती भाकर होती कुणाची?

आधी रशियाची बाजू ऐकू. युद्धात त्या देशाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली. गावंच्या गावं जळाली. जानेवारी १९४५ मध्ये त्यानं अमेरिकेकडं ६०० कोटी डॉलरचं कर्ज मागितलं, ते मिळालं नाही. मे महिन्यात जर्मनी पडला आणि युद्धात चालू असलेली मदत अमेरिकेनं एकाएकी आखडती घेतली. जर्मनीकडून १००० कोटी डॉलरची भरपाई हवी होती, तिथंही वांधा. मार्च १९४७ मध्ये ट्रुमननं ग्रीस आणि तुर्कस्तानला पैसा देताना साम्यवाद अडवायची भाषा केली. आणि ५ जूनला परराष्ट्रमंत्री मार्शल हार्वर्डला म्हणाले, युरोपनं आपली गरज एकत्र बसून ठरवावी, आम्ही हात देऊ.

जून संपताना मोलोतोव मोठा लवाजमा घेऊन पॅरिसला गेला. म्हणजे दार पहिल्यापासून बंद नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक देशानं आपापली यादी द्यावी, अमेरिकेनं आकडा सांगावा, बस्स. ब्रिटन-फ्रान्स म्हणाले, तसं नाही. सगळ्यांनी आपली साधनं, आपले हिशेब मांडायचे आणि एकत्र योजना करायची. त्यात जर्मनीचे कारखाने पुन्हा उभे करण्याचाही विचार होता. २ जुलैला मोलोतोव उठून निघून गेला.

ही अट आपल्याला कळायला पुस्तक लागत नाही. बलुत्याची भाकर कधी नुसती भाकर नव्हती. तिच्यामागं सांगावा होता, मेलेलं ढोर ओढणं होतं, दारातला जोहार होता. देणारा तुमच्या घरात किती दाणे आहेत तेही बघतो. आणि अमेरिकेच्या मनातही सगळं निर्मळ नव्हतं. रशियानं येऊच नये अशा बेतानं निमंत्रण द्यायचं, न आला तर दोष त्याचा, असा हिशेब तिथल्या मुत्सद्द्यांनी केलेला होता. गावजेवणाचं आवतण आपल्यालाही असंच असायचं. या म्हणायचं, पण लांब बसा.

इथवर मी रशियाच्या बाजूचा आहे. पण थांबा.

१९४६ साली तिकडं मोठा दुष्काळ पडला. १९४० साली साडेनऊ कोटी टन धान्य झालं होतं, १९४६ साली चार कोटी टनही नाही. युक्रेन, मोल्दाव्हियात माणसं उपाशी मेली. अभ्यासकांचे अंदाज दहा लाखांच्या पुढं जातात. वर्तमानपत्रात ओळ नाही. खेड्यातल्या लाखो लोकांची नावं त्या सप्टेंबरात रेशनमधून काढली. त्याच वर्षी फ्रान्सला मात्र ५ लाख टन धान्य देण्याचा करार झाला, कारण तिथं आपल्या पक्षाचं वजन वाढवायचं होतं. आणि ४ जून १९४७ ला, मार्शलच्या भाषणाच्या आदल्याच दिवशी, मॉस्कोनं चोरीचा नवा कायदा काढला. शिक्षा पाच वर्षांपासून पंचवीस वर्षांपर्यंत. शेतातली कणसं उचलणारी भुकेली बाईसुद्धा त्यात सापडली.

आता सांगा, महिन्याभरात पॅरिसमध्ये जो ताठपणा दाखवला, त्याची किंमत कोण मोजणार होतं? मोलोतोव जेवून उठला होता. त्या बाईला कुणी विचारलं?

पुढचं तर याहून वाईट. चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारनं पॅरिसला यायचं कबूल केलं होतं. ९ जुलैला त्यांचे मंत्री मॉस्कोत स्तालिनसमोर बसले आणि १० जुलैला प्रागनं होकार मागं घेतला. पोलंडही नाही म्हणाला, फिनलंडही. पाटलानं महारवाड्याला दम भरावा, की शेजारच्या गावची भाकर आणाल तर याद राखा, तसंच हे. प्रागमधल्या पुढच्या धान्यटंचाईत मॉस्कोनंच गहू धाडला. म्हणजे मिंधेपणाला हरकत नव्हती, दुसऱ्याचा मिंधा होण्याला होती.

घेणारे सगळे गुलाम झाले, असंही नाही. १९४८ ते १९५२ पर्यंत सुमारे १३०० कोटी डॉलर पश्चिम युरोपात गेले. सगळ्यात मोठा वाटा ब्रिटनचा. त्याच ब्रिटननं १९४८ साली रेल्वे सरकारी केली आणि गरिबाला फुकट दवाखाना दिला. अट होती, पण घेणाऱ्याला तोंडही होतं.

आपल्याकडं मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं सोडा. सोडलं त्यांनीच, जे ते खात होते. उपास पडला तोही त्यांच्याच घरात. डिसेंबरात बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, कारण चूल त्यांच्या हातात होती. तरी प्रत्येक वस्तीत, प्रत्येक घरात मायबहिणींना विचारूनच भाकर नाकारली गेली, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही.

नाकारणं हा गरिबाचा हक्क आहे. तो त्याच्या नावानं दुसऱ्यानं बजावायचा नाही. साहेब असो, कॉम्रेड असो की आपलाच पुढारी, व्यासपीठावरून कुणी मदत लाथाडली तर टाळी वाजवायच्या आधी एवढंच बघा: त्याच्या घरी आज चूल पेटलीय का, आणि ज्यांची पेटली नाही त्यांनी त्याला काय सांगून धाडलंय.