साहाय्य मागण्यात कमीपणा आहे का?

सेवेला किंवा शिकायला निघालेल्या माणसाने त्यासाठी लागणारे पैसे दुसऱ्यांकडे मागावेत का? शिबिराचे दिवस जवळ आले की आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडतो. जायची इच्छा असते, सुट्टीही मिळते, पण प्रवासखर्चाचा आकडा पाहून आपण गप्प बसतो. कोणापुढे हात पसरायचा, असे वाटते. या प्रश्नाकडे आज आपण वेगळ्या परंपरेतील एका तरुणाच्या बाजूने पाहूया.

अमेरिकेत कॉलेजांना मे ते ऑगस्टच्या सुमारास मोठी सुट्टी असते. या सुट्टीत अनेक ख्रिस्ती विद्यार्थी काही आठवडे सेवाकार्याला आणि धर्मसेवेच्या प्रशिक्षणाला जातात. १९५१ साली लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठात सुरू झालेली 'क्रू' ही संघटना असे उपक्रम चालवते. तिच्यासारख्या संघटनांत विद्यार्थ्याने आपला खर्च स्वतः उभा करण्याची प्रथा आहे. त्यासाठी तो आधी पत्रे लिहितो : काका-मामांना, चर्चमधल्या मंडळींना, आईवडिलांच्या स्नेह्यांना. कुठे जाणार, काय शिकणार, किती खर्च येणार हे तो कळवतो. माझ्यासाठी प्रार्थना करा, आणि जमल्यास मदत करा, अशी विनंती करतो. पैसे सहसा त्याच्या हातात न पडता संघटनेकडे जमा होतात. परत आल्यावर तो वृत्तांत पाठवतो.

आपल्या मनात लगेच दोन शंका येतील. धडधाकट मुलगा सुट्टीत नोकरी करून पैसे का मिळवत नाही? आणि दुसरी, अधिक अवघड : अननुभवी विद्यार्थी दूरदेशी जाऊन चार आठवड्यांत असे काय करणार? विमानाच्या तिकिटाचे पैसे थेट तिथल्या गरजूंना दिले तर अधिक भले होणार नाही का? ख्रिस्ती समाजातही हा आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पौलाचे दोन निर्णय

पहिल्या शंकेचा विचार त्या परंपरेत फार जुना आहे. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरात तंबू बनवण्याचे काम करून पोट भरत असे. सेवकाला निर्वाह मिळण्याचा हक्क आहे हे त्याने करिंथकरांना ठामपणे सांगितले, आणि तो हक्क आपण वापरला नाही हेही सांगितले. आपल्या शिकवणीच्या आड पैसा येऊ नये, अशी त्याची इच्छा होती. पण त्याच पौलाने मकदूनियातल्या मंडळींची मदत आनंदाने घेतली. स्वाभिमान दोन्ही ठिकाणी तोच होता. नाते वेगळे होते.

फिलिप्पै येथील मंडळीला त्याने बंदिवासातून पत्र लिहिले. त्यांच्या मदतीबद्दल लिहिताना त्याने मूळ ग्रीकमध्ये चक्क हिशेबाचे शब्द वापरले आहेत. देण्याघेण्याचे खाते, तुमच्या खात्यावर जमा होणारे फळ, आणि पावतीवर लिहितात तसे 'सर्व पोचले'. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मला हे विशेष वाटते. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पौलाच्या दृष्टीने देणगी म्हणजे एकाकडून कमी होऊन दुसऱ्याकडे वाढणारी रक्कम नव्हती. देणाऱ्याच्या खात्यावरही काहीतरी जमा होत होते.

आपल्याकडेही हे नवे नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत आणि शिकत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. मधुकरी हा शब्द तर मधमाशीवरून आला आहे : फुलाला न दुखावता प्रत्येकाकडून थोडे घ्यायचे. सात घरांनी मिळून एक विद्यार्थी घडवला, तर त्याच्या विद्येवर त्या सात घरांचाही हक्क असे.

पत्र खरे असले पाहिजे

आता दुसरी शंका. तिचे उत्तर त्या तरुणाच्या पत्रात काय लिहिले आहे यावर अवलंबून आहे. 'मी तिथल्या लोकांचे आयुष्य बदलायला जात आहे' असे त्याने लिहिले, तर आक्षेप खरा ठरतो. चार आठवड्यांत कोणाचे आयुष्य बदलत नाही. परक्या माणसांचे दुःख दाखवून स्वतःच्या प्रवासाला पैसे गोळा करणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे. पण 'मी शिकायला जात आहे. या उन्हाळ्यात सर्वांत जास्त लाभ मलाच होणार आहे. तो पुढे दुसऱ्यांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी माझी' असे लिहिले, तर देणाऱ्याला कळते की तो कशासाठी देत आहे. अशा पत्राला कदाचित कमी पैसे येतील. तरीही पत्र हेच असले पाहिजे.

मागताना दिलेला शब्द किती काळ माणसाच्या मागे राहतो, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत व्याख्याने देऊन विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. १८८७ साली बॉस्टनमध्ये त्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. शाळेत धर्माचा प्रचार होणार नाही, असे ठरले होते. पुढे पुण्यात काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा मोठा वाद झाला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आपण कोणावर सक्ती केली नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. त्या वादाचा निवाडा आपण येथे करायला नको. ज्या शब्दावर साहाय्य मिळते त्या शब्दाचाही हिशेब द्यावा लागतो, एवढे मात्र त्यातून दिसते.

'नाही' ऐकण्याची तयारी

ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांनी १८३६ साली अनाथ मुलांसाठी घर सुरू केले. माणसांकडे मागायचे नाही, फक्त ईश्वराकडे मागायचे, असा त्यांचा नियम होता. तरीही ते दरवर्षी वृत्तांत आणि जमाखर्च छापून प्रसिद्ध करीत. पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी निधी नेताना, कोणी बोट दाखवू नये म्हणून, सोबत इतर विश्वासू माणसे घेतली. एकाने मागितले, एकाने मागितले नाही. हिशेब मात्र दोघांनीही दिला.

म्हणून मागावे की मागू नये यापेक्षा, मागताना समोरच्याला मोकळे ठेवले का, हा प्रश्न मला मोठा वाटतो. काकांनी पैसे दिले नाहीत, तर दिवाळीला त्यांच्याशी तितक्याच प्रेमाने बोलता येईल का? येत असेल तर ती विनंती होती. येत नसेल तर ती वसुली होती, शब्द कितीही नम्र असोत. साधनेचा कस येथेच लागतो. स्वतःच्या पैशाने गेलेल्याला ही परीक्षा द्यावीच लागत नाही. 'मी कोणाचे काही लागत नाही' हा अहंकार त्याच्याजवळ सुखाने राहू शकतो.

आपण देणारे असू, तेव्हाही हे लक्षात ठेवूया. एखादा तरुण संकोचत विचारायला आला, तर त्याला खर्चाचा तपशील जरूर विचारावा, आणि तू काय शिकणार आहेस हेही विचारावे. द्यायचे नसेल तर स्पष्ट आणि प्रेमाने सांगावे. दिले तर परत आल्यावर त्याचे ऐकायला वेळ काढावा, कारण अनेकदा पैसे देणे सोपे असते आणि तासभर ऐकणे अवघड.

आणि आपण मागणारे असू, तर पत्र लिहिण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहून पाहूया : लाभ कोणाला होणार आहे, किती रक्कम लागणार आहे, आणि परत आल्यावर मी कोणाला काय सांगणार आहे. या तिन्ही ओळी खऱ्या असतील, तर संकोच बाजूला ठेवून अवश्य विचारावे.