मोजणाऱ्याचा धर्म

गरीब कोण आणि मागास कोण हे ठरवायला माप लागते. पण कोणते माप घ्यायचे, हे गणित सांगत नाही. सार्वजनिक धोरणांचा अभ्यास करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडून निःपक्षपाताची अपेक्षा करताना आपण ही गोष्ट बहुधा विसरतो. तिथला अभ्यासक सांख्यदर्शनातल्या पुरुषासारखा असावा, प्रकृतीचा खेळ नुसता पाहणारा आणि कशातही न गुंतलेला, अशी आपली समजूत असते. माझे म्हणणे असे की असा साक्षी धोरणाच्या क्षेत्रात कधी नव्हता आणि तो असण्याची गरजही नाही. संस्थेचे स्वातंत्र्य असते ते दुसऱ्याच ठिकाणी. ते कुठे, हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या आणि तिथल्या माणसांच्या कामावरून चांगले कळते.

या संस्थेचे मूळ अलिप्ततेत नाही, व्रतात आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला तो सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान द्यावे या हेतूने. देशाला अग्रस्थान देण्याची आणि वैयक्तिक लाभ न पाहण्याची शपथ त्याचे सदस्य घेत. साताऱ्याच्या रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली याच समाजाने अर्थशास्त्राची संस्था काढली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गाडगीळ सहकाराचे अभ्यासक होतेच, पण विठ्ठलराव विख्यांच्या बरोबरीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यात त्यांनी भाग घेतला आणि त्याचे अध्यक्षपदही सांभाळले. सांख्यांचा पुरुष साखर कारखान्याचा अध्यक्ष होत नाही. तरीही गाडगिळांच्या लेखनाची विश्वासार्हता त्यामुळे उणावली असे म्हणणे मला तरी पटणार नाही. शेतकऱ्याने भांडवलाचा मालक व्हावे ही त्यांची बाजू होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

मापाचा खरा प्रश्न १९७१ साली ऐरणीवर आला. याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास त्या वर्षी प्रकाशित केला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, असे माप त्यांनी धरले. १९६०-६१च्या किमतींनुसार ते ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये भरले. त्या मापाने खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे रेषेखाली निघाली. आकडे राष्ट्रीय नमुना पाहणीचे होते, बेरीज-वजाबाकी कोणालाही तपासता येत होती. पण उष्मांकच का? वस्त्र, औषध, शाळा, मान हे सारे त्या रेषेच्या बाहेर का? माणूस उपाशी राहू नये हे राज्याचे पहिले देणे आहे, असा नैतिक निर्णय त्या रेषेत आधीच घेतलेला होता. पाहणीच्या आकड्यांतून तो निघत नाही.

आणि या निर्णयाला पहिले मोठे आव्हान पुण्यातूनच मिळाले. पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ जागतिक अन्न व शेती संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात आले होते. माणसाची उष्मांकांची गरज स्थिर नसते, एकाच माणसातही ती बदलत राहते, त्यामुळे सरासरीखालचा प्रत्येक जण कुपोषित ठरवणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांच्याकडेही त्यांनी लक्ष वेधले. दांडेकरांनी हे मानले नाही आणि वाद पुढची अनेक वर्षे चालला. सुखात्म्यांचा शास्त्रीय मुद्दा बळकट होता, पण त्यातून सरकारला सोयीचा निष्कर्ष काढता येतो ही भीतीही खोटी नव्हती, असे मला वाटते.

न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा नुसता पाडाव करते ती वितंडा. वादात दोघांनाही आपापला पक्ष असतो, हे नैयायिकांनी गृहीतच धरले आहे. अट एवढीच की साधन प्रमाणांचे असावे, प्रतिपक्ष नीट ऐकून घ्यावा आणि खंडन झाले तर ते मान्य करावे. धोरणसंस्थेचे स्वातंत्र्य मी इथे शोधतो. पक्ष नसणे हा तिचा गुण नव्हे. आपले माप उघड सांगणे आणि ते मोडून दाखवण्याची साधने विरोधकाच्या हाती देणे, हा तिचा धर्म.

यावर डावीकडून जुना आक्षेप आहे. दांडेकर-रथ यांच्या अभ्यासाला फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते, आणि जमिनीच्या फेरवाटपाने दारिद्र्य हटणार नाही, सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. पैसा अमेरिकेचा आणि निष्कर्ष जमीनदारांच्या पथ्यावर, हा योगायोग कसा मानायचा? शंका रास्त आहे आणि पैसा कोणाचा हे विचारलेच पाहिजे. पण पैशाचा उगम सांगितल्याने युक्तिवाद खोटा ठरत नाही. वाटायला जमीन किती आणि घेणारे किती, हा हिशेब त्यांनी मांडलेला होता. तो चुकीचा असेल तर चूक दाखवता येते. ती न दाखवता केवळ देणगीदाराकडे बोट दाखवणे ही वितंडाच. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. मापात मूल्य शिरतेच, तर तज्ज्ञाचे मत आणि पारावरचे मत यांत फरक काय? फरक असा की तज्ज्ञाने मूल्य एका जागी बांधून ठेवलेले असते. २,२५०च्या जागी दुसरा आकडा घाला, पुढचे सगळे गणित त्याप्रमाणे हलते आणि कोणाचे काय बदलले ते दिसते. पारावरच्या मतात मूल्य कुठे संपले आणि वस्तुस्थिती कुठे सुरू झाली, हे हाती लागत नाही.

महाराष्ट्रात याची कसोटी लागली ती अनुशेषाच्या प्रश्नात. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ साली दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. राज्याच्या सरासरीच्या खाली जो जिल्हा जितका, तितका त्याचा अनुशेष, असे माप तिने घेतले आणि सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा आकडा काढला. हाही नैतिक निर्णयच होता. माण-खटावचा दुष्काळी शेतकरी महाबळेश्वर-कऱ्हाडच्या जिल्ह्यात राहतो म्हणून त्या सरासरीत दिसेनासा झाला. पण जिल्हा हे एकक उघडपणे घेतलेले असल्यामुळे नेमके काय दिसेनासे झाले ते दाखवता आले. विजय केळकर समितीने २०१३च्या अहवालात तालुक्यापर्यंत खाली जाऊन पाण्याचा प्रश्न मध्यभागी आणला, तो या टीकेच्या वाटेनेच. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या टीकाकारांना तेही माप अपुरे वाटले. त्यांनीही आपले म्हणणे आकड्यांतच मांडले.

सरकारला मात्र मापापेक्षा मुदत जवळची. अनुशेष भरून काढण्यासाठी घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ साली स्थापन झालेल्या विकास मंडळांचा कार्यकाळ ३० एप्रिल २०२० रोजी संपला आणि तो त्या वेळी वाढवला गेला नाही.