आधी लाख, मग रंग

सागवानी पाटीवर घराचं नाव कोरून झालं, की हात लगेच रंगाकडे जातो. थोडं थांबावं. कोरलेल्या अक्षरांत लाकडाचे तंतू उघडे पडलेले असतात. ते रंग अधाशासारखा पितात आणि कडा डागाळतात. म्हणून आधी चपडा लाख. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर इवल्या किड्यांनी केलेली ही लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा. मग गडद तेलरंग पातळ करून पाटीभर फासायचा आणि लगेच फडक्यानं पुसायचा. वरचा रंग निघतो, खोबणीतला राहतो, अक्षर उठून दिसतं. खरी कारागिरी मला या पुसण्यातच वाटते. पाटी दाराबाहेर लावणार असाल, तर वरून वॉर्निश द्याच. नुसती लाख पावसात पांढरी पडते.