रिकामे, पण कोणाच्या घड्याळाने?

वखरून ठेवलेल्या वावराला वाटसरू रिकामे म्हणतो. आमच्या वडनेर भोलजीचा शेतकरी तसे म्हणत नाही. त्याच्या लेखी जमीन तयार आहे, पावसाची वाट पाहते आहे. हा वाद केवळ शब्दांचा वाटेल. पण तोच वाद पदार्थविज्ञानात उभा राहिला, तेव्हा मोठमोठे विद्वान विचारात पडले.

पोकळीतून सारे काढून घेतले तरी क्षेत्र उरते. वारा पडला तरी तळ्यात पाणी उरते, तसे. त्या क्षेत्रातल्या लहरींचा हिशेब करायला घड्याळ लागते. त्या घड्याळाने एकही कण मोजला जात नाही, ती निर्वात अवस्था. अवकाश सपाट असेल, तर एकसारख्या गतीने जाणाऱ्या सर्वांचे याविषयी एकमत होते. पण वस्तुमानाने अवकाश-काल वाकला, की सर्वमान्य घड्याळच सापडेनासे होते. मग एकाचे रिकामे ते दुसऱ्याचे भरलेले!

शिरपूरला १९४९ साली जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी अ‍ॅन मॅग्नन यांच्यासह १९७५ मध्ये या कोड्याला हात घातला. अवकाशाची घडण काळाबरोबर बदलत नसेल, तर ऊर्जेचा जुना व नवा हिशेब जुळलाच पाहिजे, या अटीने रिकामे कोणते ते ठरते, असे त्यांनी दाखविले. घडण बदलती असेल, तर मात्र निवाडा पाहणाऱ्यावर अवलंबून राहतो.

पुढच्याच वर्षी विल्यम उन्रूह यांनी सांगितले की, सपाट अवकाशातही सतत वेग वाढवीत जाणाऱ्याला तीच पोकळी उबदार भासेल. अर्थात एका अंशाच्या उबेसाठी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पंचविसावर अठरा शून्ये इतके पट त्वरण हवे!

मग सत्य ज्याचे त्याचे? नव्हे. त्या प्रवाशाचे कणमापक वाजले, तर ते वाजले हे स्थिर उभा असलेलाही मान्य करतो. प्रवासी म्हणेल, मापकाने कण टिपला. दुसरा म्हणेल, मापकानेच कण बाहेर टाकला. कारणे दोन, घटना एकच.

मला शाळामास्तराला यात नीतीचा धडा दिसतो. चुकलेले गणित चुकलेच म्हणावे. ती घटना आहे. पण 'या पोराच्या डोक्यात काही नाही' हे मोजमाप आपल्या घड्याळाचे असते. दिवाळीला पाहुणे जमतील, मुलांच्या गुणांची विचारपूस होईल. गुणपत्रिका जरूर वाचावी. मात्र मुलाला रिकामे ठरविण्यापूर्वी आपले घड्याळ कोणते, हे स्वतःला विचारावे.