मी तोच, हें कोणीं ठरवावें?

मोबाइलवर जें खातें बिनतक्रार उघडतें तेंच संगणकावर उघडूं नये, हा अनुभव आतां इतका सामान्य झाला आहे कीं त्याचें कोणास नवलहि वाटत नाहीं. नांव तेंच, पासवर्ड तोच, तो टंकणारीं बोटेंहि तींच. आणि तरी एक यंत्र म्हणतें, ‘या, बसा’, आणि दुसरें विचारतें, ‘आपण कोण?’ घरांतील एखादा कॉलेजांत जाणारा मुलगा येऊन दहा मिनिटांत हें कोडें सोडवितो आणि मंडळी आपापल्या कामास लागतात. पण कोडें सुटलें म्हणजे प्रश्न सुटला असें नव्हे. एकाच मनुष्यास एकाच क्षणीं एका दारीं ओळखावें आणि दुसऱ्या दारीं नाकारावें, यांत तत्त्वज्ञानांतील एक जुना वाद नवा वेष घेऊन आपल्या घरीं आला आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. मोबाइल आपणांस ओळखतो, ही समजूतच मुळीं खरी नाहीं. आपण कधीं काळीं एकदां पासवर्ड दिला; त्या वेळीं पलीकडच्या मुख्य संगणकानें मोबाइलच्या हातीं खुणेची एक चिठ्ठी दिली. तेव्हांपासून तो रोज ती चिठ्ठी दाखवितो आणि आंत जातो. पासवर्ड कोणी विचारीतच नाहीं. म्हणून मालक तो पार विसरला तरी महिनोन्‌महिने त्यास पत्ता लागत नाहीं. नव्या यंत्राजवळ चिठ्ठी नसते, तेथें उलटतपासणी होते, आणि मग एकेक विघ्न उभें राहतें. संगणकानें जुना पासवर्ड जपून ठेवलेला असतो व तोच तो आपण होऊन भरतो. अक्षरफलक मराठीवर राहिलेला असतो, किंवा इंग्रजी मोठीं अक्षरें उमटत असतात, आणि पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्यामुळें चूक डोळ्यांस दिसत नाहीं. कांहीं खात्यांस सहा आंकड्यांचा एक संकेत लागतो. तो दर ३० सेकंदांनीं बदलतो, आणि दोन्हीं बाजूंस ठाऊक असलेलें एक गुपित व घड्याळांतील वेळ यांच्या गणितानें तयार होतो. मोबाइलचें घड्याळ दोन-चार मिनिटें मागें असलें तर मनुष्य खरा असूनहि संकेत खोटा ठरतो! अशा वेळीं पांचव्यांदा तोच प्रयत्न करण्यापेक्षां थांबणें बरें, कारण फार प्रयत्न केले कीं खात्यासच कुलूप पडतें. घड्याळ आपोआप लागेल असें ठेवावें, पासवर्ड दृश्य करून एकदां वाचून पाहावा, जुना साठविलेला पुसावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ज्या यंत्रावर खातें उघडें आहे तेथून घाईनें बाहेर पडूं नये. पुष्कळदां तींच एक खिडकी उरलेली असते, आणि तेथूनच आपला नवा नंबर व पत्ता नोंदवितां येतो. हा सल्ला आमच्या विषयाच्या थोडा बाहेरचा आहे खरा. पण तत्त्वचर्चेच्या भरांत वाचकाचें खातें बंद पडावें अशी आमची इच्छा नाहीं.

आतां मूळ प्रश्न. कालचा मी आणि आजचा मी एकच, हें कशावरून? इंग्रज तत्त्वज्ञ लॉक यानें आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तींत याचें उत्तर दिलें आहे. शरीर तेंच असणें महत्त्वाचें नव्हे, गतकालाची जाणीव तीच असणें महत्त्वाचें. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहांत शिरली तर ती व्यक्ति राजपुत्रच होय, असें तो म्हणतो. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं अनेकांच्या सामायिक संगणकास पासवर्डाची जोड दिली, तेव्हां त्यांच्या मनांत लॉक खासच नसेल. पण केलें तें त्याच्याच मताप्रमाणें. जो आठवतो तो मालक. १७८५ सालीं टॉमस रीड यानें या मताची उणीव दाखविली. म्हाताऱ्या सेनापतीस तरुणपणींचा पराक्रम आठवतो. त्या तरुणास लहानपणीं खाल्लेला मार आठवत होता. पण सेनापतीस तो मार आठवत नाहीं. म्हणून काय मार खाणारा मुलगा हा दुसराच कोणी झाला? साठी उलटलेल्या गृहस्थास आठ अक्षरांची एक निरर्थक ओळ आठवली नाहीं, तर त्याचें गृहस्थपण कोठें जातें?

स्मृतीवर भरंवसा नसेल तर हातांतील वस्तूवर ठेवावा, हा दुसरा मार्ग. त्याची गत काय होते हें कालिदासाच्या वाचकांस सांगावयास नको. शकुंतला सत्य होती. पण अंगठी पाण्यांत पडली आणि भर सभेंत ती परकी ठरली. पुढें अंगठी सांपडली ती कोळ्यास, आणि प्रथम चोर ठरला तोहि तोच. आजची अंगठी म्हणजे मोबाइलमधील सिम कार्ड. तें हरवलें कीं ओटीपी जातो भलतीकडे. आणि बंद पडलेला नंबर कांहीं काळानें दुसऱ्याच ग्राहकाच्या वांट्यास येतो. तिसरा मार्ग शरीराचा. परंतु ज्यांनीं जन्मभर विटा वाहिल्या किंवा भांडीं घांसलीं त्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, आणि यंत्रास त्या वाचतां येत नाहींत. कष्टानेंच मनुष्याची ओळख पुसली जावी, यासारखी दुसरी विपरीत गोष्ट आम्हांस ठाऊक नाहीं.

तरीहि यंत्राची बाजू दुबळी नाहीं. आपल्याच इतिहासांत पाहा. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाईंनीं आपलें वैधव्य मान्य केलें नाहीं. पुढें भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक कनोजी ब्राह्मण प्रकट झाला, कैदेंत पडला, १७७६ सालीं रत्नागिरीहून सुटून त्यानें कोंकणांत बंड उभारलें, आणि त्याच सालीं त्याचा शेवट झाला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचें बंड’ या नाटकामुळें ही हकीकत सर्वांस परिचित आहे. पुष्कळांस तो खरा वाटला, कारण पुष्कळांस भाऊ परत यावयास हवे होते. ओळख पटविणाऱ्याच्या मनांत आशा असली कीं तो फसतो. यंत्रास आशा नाहीं. हा त्याचा गुण आहे, आणि आमच्या मतें दोषहि तोच.

न्यायशास्त्रांत ब्लॅकस्टनच्या नांवावर एक प्रसिद्ध तत्त्व आहे: दहा अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्यास शिक्षा होऊं नये. खात्याच्या दारावरील पहारेकरी बरोबर याच्या उलट वागतो. दहा मालक बाहेर उभे राहिले तरी चालतील, एक चोर आंत जातां कामा नये. हें अन्याय्य म्हणावें काय? बँकेंतील पैसा एकदां गेला कीं तो परत मिळणें कठीण. आणि चोर एकाच बैठकींत लक्षावधि दारें ठोठावून पाहूं शकतो. शिवाय दया दाखवावयास माणूस बसवावा तर गोड बोलणारा तोतया त्याच दयेची शिडी करून वर चढतो. हें सर्व आम्ही मान्य करतों. पण कोर्टांत आरोपीस निदान बोलूं देतात, निकालाखालीं कोणाची तरी सही असते, आणि त्यावर अपील चालतें. येथें ‘माहिती जुळत नाहीं’ एवढेंच उत्तर, आणि तें देणारा कोणीच नाहीं. कडक पहारा असावा. परंतु बँकेच्या ठेवीस आणि मुलांच्या छायाचित्रांस एकच पहारा कां? आणि नकार देण्याऐवजीं मुदत कां देऊं नये? आठ दिवस थांबा, जुन्या पत्त्यावर सूचना पाठवितों, कोणी हरकत न घेतल्यास दार उघडतों, असें म्हटलें तर खरा मालक थांबेल; चोरास थांबणें परवडत नाहीं. कांहीं खात्यांत अशी सोय आहे, पुष्कळांत नाहीं. जे करीत नाहींत ते अडचणीमुळें नव्हे, बाहेर उभ्या असलेल्याचा वेळ फुकट आहे असें धरून चालतात म्हणून करीत नाहींत, असा आमचा तर्क आहे.

आपल्या कुटुंबांत या सर्वांवर एक सोपा तोडगा निघाला आहे. वडिलांचा पासवर्ड मुलाजवळ, आईचा ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर, आणि सर्वांचे पासवर्ड दिनदर्शिकेच्या मागील पानावर. शास्त्राच्या दृष्टीनें हा अधर्म. पण घराच्या दृष्टीनें यालाच विश्वास म्हणतात. मात्र या विश्वासाचें वजन सारखें वांटलेलें नसतें. जन्मभर घराचा हिशेब ठेवलेल्या गृहिणीच्या नांवें कित्येकदां एकहि खातें नसतें, आणि निवृत्त गृहस्थास आपलीच शिल्लक मुलास विचारून पाहावी लागते. मुलगा सालस असला तरी विचारावें लागणें हें विचारावें लागणेंच.

आणि घरधनी गेल्यावर? विजेचें बिल त्याच्या नांवच्या खात्यांतून भरावयाचें असतें. पत्नी त्याचाच मोबाइल उचलते. चिठ्ठी अजून चालू असते. यंत्र तिला कांहीं विचारीत नाहीं. तें त्याच्या नांवानें स्वागत करतें, ती बिल भरते, आणि मोबाइल पुन्हां चार्जिंगला लावून ठेवते.