कुसळे किती वेचावीत?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांपुढे आता मोटार उभी असते. ती बाहेरून नेमाने धुतली जाते, कारण शेजाऱ्यांना दिसते ती बाहेरचीच बाजू. आत मात्र कापडी आसनांवर टॉवेलांचे धागे, स्वेटरांची लव, पाळलेल्या कुत्र्याचे केस महिनोन्‌महिने साठत राहतात. विषय क्षुल्लक आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण हा केर काढावयास जो बसतो त्याला एक नैतिक प्रश्न हमखास भेटतो: किती काढले म्हणजे पुरे?

आधी कामाकडे पाहू. कुत्र्याचा आखूड केस कापडावर नुसता पडून राहत नाही, तो विणीत शिरतो. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. माणूस बसतो, उठतो, सरकतो आणि प्रत्येक हालचालीबरोबर केस धाग्यांत अधिक रुततो. शिवाय आसनांचे कापड बहुधा पॉलिएस्टरचे. कोरड्या हवेत घर्षणाने त्यावर स्थिर विद्युत निर्माण होते आणि सुटे तंतूही चिकटून बसतात. म्हणून नुसता व्हॅक्यूम क्लीनर फिरविला तर धूळ जाते, केस राहतात. रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढावा. केस मोकळे होऊन त्यांच्या गुंडाळ्या बनतात. त्या हाताने उचलून मग यंत्र फिरवावे. शिवणींच्या खाचांत ताठ ब्रश लागतो, उरलेसुरले चिकटपट्टीने निघते. एवढे करूनही तिरपे ऊन पडले की चार-दोन केस चमकतातच!

येथे माणसांचे दोन वर्ग पडतात. एक आसनावर छानसे आवरण चढवून मोकळा होतो. दुसरा त्या चार-दोन केसांसाठी इतके घासतो की कापडाचीच लव निघू लागते. केर काढता काढता तो नवा केर निर्माण करीत असतो.

हे दोघेही आम्हां धर्मगुरूंच्या फार जुन्या परिचयाचे आहेत. कुमसाराच्या जाळीआड जे ऐकले ते तेथेच राहते, तेव्हा उदाहरणे देण्याचा प्रश्नच नाही. पण या वृत्ती साऱ्या ख्रिस्तसभेला ठाऊक आहेत. ‘चोरी केली नाही, खून केला नाही’ एवढ्यावर ज्याचे आत्मपरीक्षण संपते तो आवरणवाला. आणि क्षमा मिळाल्यावरही ‘काही सांगायचे राहिले तर नाही ना?’ म्हणून रात्ररात्र तळमळतो तो घासणारा. या तळमळीसाठी लॅटिन भाषेत ‘स्क्रूपुलुस’ हा शब्द आहे; त्याचा मूळ अर्थ बारीक टोकदार खडा. संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली मान्रेसा येथे या खड्याने इतके जेरीस आले की त्यांनी अन्नत्याग केला. सप्ताह लोटल्यावर पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने आज्ञा देऊन तो उपवास सोडविला. संत आल्फोन्सस लिगोरी (१६९६-१७८७) यांना १९५० साली पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून घोषित करण्यात आले; पण त्यांनीही स्वतः हीच व्यथा सोसली होती. इतरांच्या गाठी सोडविणाऱ्याला स्वतःची गाठ छळत होती, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते आणि थोडा धीरही येतो.

ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५५१ साली क्षम्य पापांविषयी शिकवण दिली ती अशी, की ती पापनिवेदनात सांगण्याचे बंधन नाही, परंतु सांगणे हितकर आहे. म्हणजे परिषदेने आवरणही चढविले नाही आणि कापडही झिजविले नाही. मात्र मर्यादा कोठे आखावी, हे प्रत्येकाला आपापल्या विवेकाशी ठरवावे लागते.

आमच्या मते ती मर्यादा आसनाकडे पाहून ठरत नाही, त्यावर उद्या कोण बसणार हे पाहून ठरते. कुत्र्याच्या केसांना त्याच्या लाळेचे आणि त्वचेच्या कोंड्याचे कण चिकटलेले असतात. त्यांनी दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकतो. आवरणाखालचा केस त्याच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. निकोप माणसाचे मात्र चार केसांनी काही बिघडत नाही. घरात टाकलेला एखादा खोचक शब्द टाकणाऱ्याच्या हिशेबी धाग्याएवढाच असतो. दिवसभर राबून आलेल्या सुनेला किंवा अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला तो किती वेळ पुरतो, हे त्यांनाच विचारावे. ‘मी किती स्वच्छ झालो?’ या प्रश्नाला अंत नाही. ‘माझ्या शेजारी बसणाऱ्याला काय बोचते?’ असे विचारले की काम हाताशी येते. घासणाऱ्याला हे बोलणे कठोर वाटेल. तो पीडित आहे आणि त्याला उपदेशाआधी धीर हवा, हेही खरे.

यावर कोणी म्हणेल, ज्या पापाने शेजाऱ्याला काहीच बोचत नाही त्याचे काय? शंका रास्त आहे. पण मनातल्या मनात जपलेला मत्सर किती दिवस मनातच राहतो? केसाप्रमाणे तोही बसता-उठता रुतत जातो आणि मग त्याचे टोक नेमके दुसऱ्यालाच लागते.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आठवड्यातून दोनदा शेजारच्या वृद्ध बाईंना डायलिसिससाठी रुग्णालयात नेतात. बाईंना दमाही आहे. गृहस्थांच्या घरी कुत्रा आहे आणि तो मोटारीत बसल्यावाचून राहत नाही. आदल्या रात्री ते हातमोजा घेऊन मागचे आसन निगुतीने साफ करतात. पुढचे, त्यांचे स्वतःचे, तसेच राहते. रविवारी मिस्सेला येतात तेव्हा त्यांच्या काळ्या पँटीवर पांढरे केस दिसतात आणि आजूबाजूच्या बाकांवरून काही नजरा तिकडे वळतात.